वधूचा पुष्पगुच्छ

विवाहविधीच्या वेळी वधूने हातात धरावयाचा, ताजी फुले व पाने एकत्र बांधून केलेला गुच्छ. यूरोपीय वळणाच्या ख्रिस्ती विवाहात तो वधूच्या वेषभूषेचा एक भाग मानला जातो. महाराष्ट्रात तो मुख्यत्वे मुंबई, वसई व उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजात रूढ असून अलीकडे इतर समाजांतील स्वागतसमारंभांत आणि नोंदणी पद्धतीच्या विवाहांतही दिसू लागला आहे. हार गळ्यात, गजरा व वेणी केसांत आणि मुंडावळ्या कपाळावर असतात. गुच्छ मात्र हातात धरला जात असल्याने त्याचे वजन, मुठीचा आकार व देठांची मांडणी यांना विशेष महत्त्व येते. तोडलेले फूल हा सजीव अवयव असून त्याचे श्वसन व पाण्याचे उत्सर्जन तोडणीनंतरही चालूच राहते. ते उमलण्याचा आणि विवाहविधीचा क्षण एकत्र आणणे, हे या हस्तकौशल्याचे मर्म होय. फुलांची निवड, तोडणीची वेळ, बांधणीची पद्धत आणि जपणूक या सर्व गोष्टी त्यावरूनच ठरतात.

इतिहास : विवाहप्रसंगी वधूवरांनी फुले व सुगंधी वनस्पती अंगावर धारण करण्याची चाल अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. प्राचीन ग्रीक व रोमन विवाहांत पुष्पमुकुट व माळा वापरीत. हातात धरावयाच्या गुच्छाला आजचे स्थान प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात मिळाले. १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या विवाहात तिने नारिंगाच्या फुलांचा मुकुट धारण केला होता. पांढरा विवाहवेष आणि पांढरी फुले यांच्या प्रसारास त्या विवाहाने मोठी चालना दिली. १८५८ मध्ये राणीच्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहात गुच्छामध्ये मेंदीच्या झुडपासारख्या दिसणाऱ्या मर्टल या सुगंधी वनस्पतीची डहाळी घालण्यात आली आणि ही प्रथा इंग्लंडच्या राजघराण्यात पुढे चालू राहिली. विसाव्या शतकात गुच्छाचे आकार वेळोवेळी बदलत गेले. २९ जुलै १९८१ रोजी झालेल्या राजकन्या डायाना यांच्या विवाहातील लांबलचक, ओघळत्या गुच्छाचे अनुकरण जगभर झाले.

भारतात वधूच्या हाती गुच्छ देण्याची जुनी चाल नसली, तरी पुष्पग्रथनाची कला पुरातन आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रा त दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत माल्यग्रथनविकल्प (माळा गुंफण्याचे विविध प्रकार) व शेखरकापीडयोजन (मस्तकावरील पुष्पभूषणांची रचना) यांचा समावेश आहे. महाराष्ट्रात डोहाळजेवणाच्या प्रसंगी गर्भवतीस फुलांचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा इ. अलंकार घालतात, त्यास फुलांची वाडी भरणे असे म्हणतात. कळ्या न दुखावता त्यांना हवा तो आकार कसा द्यावा, याचे ज्ञान घराघरांतील स्त्रियांच्या हाती या परंपरेमुळे टिकून राहिले. उत्तर कोकणातील गुच्छात यूरोपीय आकार आणि एतद्देशीय गुंफण यांचा मिलाफ दिसतो, त्याचे मूळ या परंपरेत आहे.

उत्तर कोकणातील परंपरा : १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या सु. दोनशे वर्षांच्या काळात या भागात ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाला. निर्मळ, नंदाखाल, गास, पापडी इ. गावांतील ख्रिस्ती समाजाने मराठी भाषा व तिच्या बोली, लोकगीते आणि विवाहातील अनेक स्थानिक चालीरीती जपल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) चर्चमधील उपासनाही मराठीतून होऊ लागली. स्त्रियांचा पारंपरिक पोशाख लाल लुगड्याचा होता आणि वधूच्या शृंगारात सोन्याबरोबर केसांतील फुलांना स्थान होते. मुंबईशी वाढलेला संबंध, शिक्षण व शहरातील नोकऱ्या यांमुळे पांढरा झगा आणि हातातील गुच्छ रूढ झाले. तरीही एकाच विवाहात चर्चमधील विधीसाठी पांढरा झगा व गुच्छ आणि घरच्या समारंभासाठी साडी व गजरा, असा दुहेरी वेष आढळतो. दोन्हींसाठी मोगरा एकच असतो. फक्त त्याची बांधणी बदलते.

१८६७ मध्ये विरार ते मुंबई अशी गाडी सुरू झाली आणि वसईच्या बागायतीतील भाजीपाला, केळी व फुले यांना मुंबईची बाजारपेठ जवळ आली. पहाटेच्या गाडीने फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जाणाऱ्या स्त्रिया हे पश्चिम रेल्वेवरील नेहमीचे दृश्य बनले. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्याने पालघर व बोईसर परिसरही या वाहतुकीशी अधिक जोडला गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्यात किनाऱ्यावर वाडवळ, सामवेदी, भंडारी, आगरी, कोळी व इतर समाज. पूर्वेच्या डोंगराळ भागात वारली, कोकणा, मल्हार कोळी इ. आदिवासी; तर बोईसर–तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे राहतात. त्यामुळे येथील फूलविक्रेत्यास एकाच लग्नसराईत मुंडावळ्या, वरमाला, वेणी आणि गुच्छ असे सर्व प्रकार करावे लागतात.

फुले व पाने : गुच्छात वापरण्याच्या फुलांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात लांब व मजबूत देठाची फुले येतात : गुलाब, जरबेरा, कार्नेशन, निशिगंध, शेवंती, अॅस्टर व डेंड्रोबियम ऑर्किड. ती पाण्यात ठेवता येतात व देठांसह बांधता येतात. दुसऱ्या वर्गात आखूड देठाची किंवा देठापासून सहज गळणारी सुगंधी फुले येतात : मोगरा (जॅस्मिनम सँबक), जुई, जाई, कुंद, कागडा, सोनचाफा (मॅग्नोलिया चंपाका) व अनंत (गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस). ती ओवून, गुंफून किंवा बारीक तारेवर घेऊन वापरावी लागतात. तिसरा वर्ग पोकळी भरून काढणाऱ्या बारीक फुलांचा व पानांचा होय. जिप्सोफिला बाजारातून आणावी लागते. परंतु नेचे, शतावरीच्या जातीतील झुबकेदार फांद्या, कुंतीच्या डहाळ्या व उभ्या अशोकाची कोवळी पाने परसातूनही मिळतात. पालघर तालुक्यातील केळवे-माहीमच्या पानमळ्यांतील विड्याची पाने गुच्छाच्या किनारीस उत्तम शोभतात. ती रुंद, लवचिक व तुकतुकीत असून ओलसर कापडात चांगली टिकतात.

काही वनस्पती टाळणे इष्ट असते. कण्हेर व धोतरा विषारी असून रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असतो. लिलीच्या परागाचे डाग पांढऱ्या वस्त्रावरून सहसा जात नाहीत, म्हणून फूल उमलताच त्यातील परागकोश काढून टाकतात. सोनचाफ्याच्या पाकळ्या हाताळल्याने लवकर काळवंडतात. त्यामुळे तो सुगंधासाठी एकदोन कळ्यांपुरताच व शेवटच्या क्षणी घालतात.

हंगाम : कॅथलिक पंथात उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या सु. सहा आठवड्यांत) सामान्यतः विवाहसमारंभ करीत नाहीत. परिणामी वसई भागात विवाहांचे दोन मोसम पडतात : नाताळापासून उपवासकाळाच्या प्रारंभापर्यंत आणि ईस्टरनंतर पावसाळ्यापर्यंत. हिंदू समाजातील लग्नसराई तुलसीविवाहानंतर सुरू होऊन आषाढापर्यंत चालते. हिवाळी मोसमात शेवंती, अॅस्टर, गुलाब व कुंद विपुल असतात, हवा थंड असते आणि गुच्छ दीर्घकाळ टिकतो. मात्र मोगरा दुर्मिळ व महाग असतो. उन्हाळ्यात याच्या उलट स्थिती असते. एप्रिल-मेमध्ये मोगऱ्याला बहर येतो, परंतु त्याच वेळी उष्णता सर्वाधिक असते. किनाऱ्यावर समुद्री वाऱ्यामुळे ती काहीशी सौम्य होते. सूर्या नदीच्या परिसरातील मासवणसारख्या अंतर्भागातील गावी मात्र दुपारची उष्णता अधिक जाणवते आणि किनाऱ्यावर चार तास टिकणारा गुच्छ तेथे दोन तासांतच मलूल होऊ शकतो. म्हणून गुच्छाची रचना ठरविताना विवाहाची तिथी, वेळ व स्थळ यांचा विचार आधी करावा लागतो. रंगसंगतीचा विचार त्यानंतरचा.

फूल कोमेजण्याची कारणे : झाडावर असताना पाकळ्यांतून बाष्परूपाने जाणारे पाणी मुळांकडून भरून येते. देठ तोडताच हा पुरवठा थांबतो. कापलेला देठ पाण्यात ठेवल्यास प्रकाष्ठातील (पाणी वाहून नेणाऱ्या ऊतकातील) सूक्ष्म वाहिन्यांवाटे पाणी पुन्हा वर चढते. परंतु कापतेवेळी त्यांत हवेचे बुडबुडे शिरल्यास किंवा अस्वच्छ पाण्यातील सूक्ष्मजंतूंनी त्यांची तोंडे बुजल्यास फूल पाण्यात असूनही सुकते. गुलाबाची मान वाकण्याचे हे प्रमुख कारण होय. यावर उपाय म्हणजे देठाचा तळ धारदार पात्याने, शक्य तर पाण्याखाली, पुन्हा कापणे आणि पाणी व भांडे स्वच्छ ठेवणे.

दुसरे कारण श्वसन. फुलातील साठविलेली शर्करा श्वसनाने खर्च होते आणि तापमान १०° से. ने वाढल्यास श्वसनाचा वेग सर्वसाधारणपणे दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. म्हणून तोडणी पहाटे करतात व फुले सावलीत ठेवतात. तिसरे कारण एथिलीन वायू. पिकणाऱ्या फळांतून तो बाहेर पडतो आणि अत्यल्प प्रमाणातही कार्नेशनच्या पाकळ्या मिटवितो व ऑर्किडची फुले अकाली सुकवितो. उत्तर कोकणातील लग्नघरात हा धोका विशेष असतो. कारण उन्हाळ्यात कोठीच्या खोलीत आंब्याची अढी, केळ्यांचे घड व चिकू असतात आणि थंडावा असल्याने फुलेही पुष्कळदा तेथेच ठेवली जातात. फुले व फळे एका खोलीत किंवा एका शीतकपाटात ठेवू नयेत, हा साधा नियम पाळल्याने बरेचसे नुकसान टळते. चौथे कारण इजा. मोगरा, अनंत व चाफा यांच्या पाकळ्या दाबल्या गेल्यास पेशी फुटून त्यांतील द्रव्यांचे ऑक्सिडीभवन होते व तपकिरी डाग पडतात. म्हणून कळी नेहमी देठाकडील हिरव्या भागाशी धरावी, पाकळ्यांना बोटे लावू नयेत.

प्रकार : गुच्छाचे चार प्रमुख प्रकार आहेत. (१) गोल गुच्छ : फुलांची घुमटाकार मांडणी, व्यास सु. २० ते २५ सेंमी. हा बांधण्यास सोपा व उष्ण हवेत अधिक टिकाऊ असतो. (२) मोकळा गुच्छ : फुले कमीअधिक उंचीवर ठेवून बागेतून नुकतीच खुडल्याचा भास निर्माण केलेला. (३) बाहूवरील गुच्छ : लांब देठांची फुले एका दिशेने ठेवून डाव्या बाहूवर आडवा धरलेला, निशिगंध व ऑर्किड यांस योग्य. (४) ओघळता गुच्छ : वरचा भाग गोल व खाली निमुळता होत जाणारा. यूरोपीय पद्धतीत प्रत्येक फूल तारेवर घेऊन तो रचतात. उत्तर कोकणात हाच परिणाम मोगऱ्याचे गुंफलेले सर खाली सोडून साधता येतो व तारकामाचे श्रम वाचतात.

साधने : धारदार चाकू व कात्री, स्वच्छ बादल्या, सुती दोरा, मलमलीचे कापड, रेशमी किंवा साटीनची फीत व टाचण्या एवढे साहित्य पुरते. तारकाम करावयाचे असल्यास कळ्यांसाठी सु. ०·३ ते ०·४ मिमी. व गुलाबासारख्या जड फुलांसाठी ०·७ ते ०·९ मिमी. जाडीची मऊ लोखंडी तार आणि ती झाकण्यासाठी हिरवी चिकटपट्टी लागते. दोऱ्याऐवजी केळीच्या सोपटाचे उभे चिरून भिजविलेले पट्टे वापरण्याची चाल फुलाऱ्यांत आहे. सोपट रुंद व मऊ असल्याने देठात रुतत नाही, ओले असताना लवचिक राहते आणि वाळताना आवळत जाते. त्यामुळे बांधणी सैल पडत नाही. कृत्रिम रेझिनापासून बनविलेला पाणी शोषणारा फेसाळ ठोकळा १९५४ पासून पाश्चात्त्य देशांत प्रचारात आला. तो बसविलेली प्लॅस्टिकची मूठ वापरल्यास फुलांना पाणी मिळत राहते, परंतु गुच्छ जड होतो. शिवाय हा पदार्थ निसर्गात सहजी कुजत नाही व त्याचा चुरा पाण्यात मिसळतो. हाताने बांधलेल्या गुच्छास त्याची गरज नसते.

कृती : वीस ते पंचवीस गुलाब व मोगऱ्याचे सर यांचा गोल गुच्छ हा नमुना म्हणून घेता येईल.

पूर्वतयारी. बाहेरच्या एकदोन पाकळ्या नुकत्याच सैल झालेले गुलाब निवडतात. घट्ट कळ्या वेळेवर उमलत नाहीत आणि पूर्ण उमललेली फुले वाहतुकीत झडतात. देठांचे काटे व खालची दोनतृतीयांश पाने काढून, तळ २ ते ३ सेंमी. तिरपा कापून फुले ताबडतोब खोल पाण्यात, अंधाऱ्या व थंड जागी किमान चार-सहा तास किंवा रात्रभर ठेवतात. एक लिटर पाण्यात सु. १५ ते २० ग्रॅ. साखर व चिमूटभर सायट्रिक अम्ल मिसळल्यास फुलास अन्न मिळते आणि अम्लतेमुळे सूक्ष्मजंतूंची वाढ मंदावून पाणी सुलभतेने वर चढते. अम्लावाचून नुसती साखर घालणे अपायकारक असते, कारण तिच्यामुळे सूक्ष्मजंतूंचीच वाढ होते.

सर गुंफणे. मोगऱ्याची पूर्ण वाढलेली, पांढरी पण न उमललेली कळी त्याच दिवशी पहाटे तोडलेली असावी. ही कळी सायंकाळी उमलते. कळ्या जोडीजोडीने विरुद्ध दिशांना तोंडे करून दोऱ्यावर ठेवतात आणि प्रत्येक जोडीवर दोऱ्याचा फास देऊन ती आवळतात. सुईने ओवल्यास काम लवकर होते, परंतु कळीच्या नळीस भोक पडून ती तेथून काळी पडते व गळते. गुंफलेला सर अधिक टिकतो. फास संवर्ताच्या (पाकळ्यांखालील हिरव्या वेष्टनाच्या) लगत बसावा. तो वर बसल्यास पाकळ्या चिरतात आणि खाली बसल्यास कळी निसटते. सर तयार होताच ओल्या मलमलीत व वरून केळीच्या पानात गुंडाळून ठेवतात. त्यांवर पाणी शिंपीत नाहीत. पाकळ्यांवर साचलेले थेंब डाग पाडतात.

मळसूत्री बांधणी. सर्वांत चांगला गुलाब डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनी यांमध्ये उभा धरतात. दुसऱ्या फुलाचा देठ त्यावर किंचित तिरपा, शेंडा डावीकडे व तळ उजवीकडे जाईल असा ठेवतात. प्रत्येक नवे फूल त्याच दिशेने, त्याच तिरकसपणाने ठेवीत जातात आणि चार-पाच फुलांनंतर हातातील गुच्छ थोडा फिरवतात. सर्व देठ एकाच जागी परस्परांना छेदून जात असल्याने खाली ते भाताच्या पेंढीसारखे पसरतात व वर फुलांचा घुमट आपोआप तयार होतो. एकही देठ उलट्या दिशेने गेल्यास इतर देठ तेथे मोडतात आणि घुमटास खळगा पडतो. मधूनमधून कुंतीची किंवा नेच्याची डहाळी घातल्यास फुलांत अंतर राहते, हवा खेळते व पाकळ्या एकमेकींवर घासत नाहीत. पद्धत बरोबर साधली असल्यास बांधलेला गुच्छ देठांवर सपाट पृष्ठभागी स्वतःच उभा राहतो. ही बांधणीची कसोटीच होय.

शेवटची कामे. छेदाच्या जागी सोपटाचे चार-पाच वेढे देऊन गाठ मारतात. घुमटाखाली विड्याच्या पानांचे कडे बसवून त्यावर मोगऱ्याचे सर गुंडाळतात. ओघळता परिणाम हवा असल्यास कमीअधिक लांबीचे तीन किंवा पाच सर पुढील बाजूस सोडतात. सर्वांत लांब सर वधूच्या गुडघ्याच्या वर संपावा, म्हणजे चालताना तो पायात येत नाही. देठ बांधणीच्या खाली १२ ते १५ सेंमी. ठेवून समतल कापतात. मुठीवर मलमल व फीत गुंडाळताना तळाचे ३ ते ४ सेंमी. देठ उघडे ठेवावेत, म्हणजे विधीपर्यंत गुच्छ उथळ पाण्यात ठेवता येतो. टाचण्या देठांच्या दिशेने, टोक आत राहील अशा खुपसतात. वधू बराच वेळ उभी असल्यामुळे गुच्छ अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास असणे सोयीचे असते.

वेळापत्रक व जपणूक : सायंकाळी चार-पाच वाजता होणाऱ्या विवाहाचे नियोजन उलट्या क्रमाने करतात. आदल्या सायंकाळी गुलाब पाण्यात ठेवणे, पहाटे मोगरा खुडणे, दहा-अकरापर्यंत सर गुंफणे, दुपारी एकनंतर गुच्छ बांधणे आणि विधीपूर्वी तासभर मोगऱ्याचे सर चढविणे, असा क्रम ठेवल्यास कळ्या चर्चमध्ये अर्धोन्मीलित असतात व स्वागतसमारंभात पूर्ण उमलतात. सकाळच्या मुहूर्तासाठी मात्र हा हिशेब जुळत नाही. तेव्हा आदल्या पहाटेच्या कळ्या थंड ठेवून वापराव्या लागतात अथवा निशिगंध व शेवंतीवर भर द्यावा लागतो. डेंड्रोबियमसारख्या उष्ण कटिबंधीय ऑर्किडांना सु. १०° से. हून कमी तापमानात इजा होते. ती घरगुती शीतकपाटात ठेवू नयेत. वाहतुकीसाठी उंच कडांच्या खोक्यात ओल्या कापडाची घडी घालून गुच्छ उभा ठेवतात. बर्फ वापरल्यास तो फुलांना प्रत्यक्ष लागू देत नाहीत. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत अर्धा तास ठेवलेला गुच्छ सहसा पुन्हा टवटवीत होत नाही.

समारंभानंतर काही ठिकाणी वधू आपला गुच्छ मारियेच्या मूर्तीपुढे अर्पण करते. पाठमोरे उभे राहून अविवाहित मैत्रिणींकडे तो फेकण्याची पाश्चात्त्य चाल शहरी समारंभांत आढळते. गुच्छ जतन करावयाचा असल्यास तो अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटा टांगून वाळवितात. गुलाब व जिप्सोफिला आकार टिकवितात, मोगरा मात्र तपकिरी होतो. बकुळीची फुले वाळल्यावरही सुगंध टिकवून ठेवीत असल्यामुळे त्यांचा एखादा सर गुच्छात घातल्यास तो स्मृतिचिन्ह म्हणून उपयोगी पडतो.

फूलव्यवसाय व भवितव्य : जव्हार, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांत आदिवासी शेतकऱ्यांनी एकविसाव्या शतकात मोगऱ्याची लागवड मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. पावसाळी भातशेतीनंतर रोजगारासाठी करावे लागणारे स्थलांतर टाळण्याचे एक साधन म्हणून तिला महत्त्व आहे. मोगऱ्याची तोडणी रोज पहाटे हातानेच करावी लागते आणि त्याच दिवशी विकली न गेलेली कळी निरुपयोगी ठरते. हा माल मुख्यतः दादरच्या फूलबाजारात जातो व तेथील त्या दिवशीच्या आवकेप्रमाणे भाव मिळतो. दुसरीकडे पालघर–बोईसर परिसरातील गुच्छांसाठी लागणारे गुलाब, जरबेरा, कार्नेशन व ऑर्किड बहुतांशी बाहेरून येतात. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे परिसरातील हरितगृहे हे गुलाबाचे एक प्रमुख उत्पत्तिस्थान आहे. अशा रीतीने पूर्वेकडील डोंगरातील कळी दक्षिणेस मुंबईकडे जाते आणि मासवण, मनोर किंवा बोईसर येथील विवाहासाठी बाहेरची फुले त्याच वाटेने उत्तरेस येतात. या फेऱ्यात फुलाच्या आयुष्यातील मौल्यवान तास खर्च होतात आणि उत्पादकाच्या वाट्याला येणारे मूल्यही घटते.

शीतगृहातून आलेली लांब देठाची फुले टिकाऊ, एकसारख्या आकाराची व वर्षभर उपलब्ध असतात. परंतु वाहतूक व टिकाऊपणा यांसाठी निवडलेल्या अनेक वाणांत सुगंध मंद असतो. मोगरा याच्या नेमका उलट आहे : अल्पायुषी, हंगामी व हाताळण्यास नाजूक, पण सुगंधात अजोड. तो गुच्छात आणावयाचा तर पहाटे खुडणारा, दुपारपर्यंत गुंफणारा आणि सायंकाळी धारण करणारा यांच्यातील अंतर काही तासांचे व काही किलोमीटरांचेच असावे लागते. पूर्वेकडील मोगरा, किनाऱ्यावरील विड्याची पाने व केळीचे सोपट ही सर्व सामग्री पालघर जिल्ह्यात एका दिवसाच्या आवाक्यात आहे. गजरे व वेण्या गुंफणाऱ्या स्त्रियांच्या हाती गुंफणीचे कौशल्यही आहे. त्यास मळसूत्री बांधणी व जलोपचार यांच्या प्रशिक्षणाची जोड मिळाल्यास कळ्यांच्या भावापेक्षा अधिक मोल तयार गुच्छातून स्थानिक स्त्रियांना मिळू शकते. कळी तोलून विकली जाते, गुच्छाचे मोल मात्र कारागिरीवर ठरते. या हस्तव्यवसायाचे आर्थिक महत्त्व या फरकात आहे.